पाटीवरचे गाव

आपल्या हैदराबादेत पाहुणा आला की त्याला दाखवावयाच्या स्थळांची यादी ठरलेली असते. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय, आणि वेळ उरलाच तर हुसेनसागराचा काठ. पाहुणा परत निघतो तेव्हा मात्र यांतले काहीच त्याच्या पिशवीत मावत नाही. त्याच्या पिशवीतून जातात ती बिस्किटांची खोकी. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत आपले शहर पोचले आहे ते इतिहासाच्या पुस्तकांतून नव्हे, तर या खोक्यांतून. तेव्हा येथील बेकऱ्या व मिठाईची दुकाने हा केवळ जिभेचे चोचले पुरविण्याचा विषय नाही, हे प्रथम मान्य करावयास हवे. असे असूनही या दुकानांतला माल चाखताना त्यांच्या पाट्या वाचण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही. गेल्या काही वर्षांत अशाच एका पाटीवरून जो गदारोळ झाला, तो पाहता ते कष्ट घेण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

मोअज्जमजाही मार्केटपासूनच सुरुवात करू. सातव्या निजामाच्या धाकट्या पुत्राच्या नावाने १९३५ साली उभारलेली ही दगडी इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा आपल्या परिचयाचा आहे. एकेकाळी येथे फळांचा बाजार भरे. आज हाताने घोटलेल्या आइस्क्रीमसाठी लोक येथे गर्दी करतात. याच परिसरात हमीदी नावाचे जुने मिठाईचे दुकान आहे. त्याचा मूळ पुरुष तुर्कस्तानातून आला असे परंपरा सांगते. तेथला जौजी हलवा म्हणजे चिकाटीची परीक्षाच. मोड आणलेल्या गव्हाचे सत्त्व, दूध, तूप, साखर आणि केशर मंद आचेवर तासन्‌तास आटवीत बसावयाचे, तेव्हा कुठे तो दाट तपकिरी गोळा हाती लागतो. आपल्याकडे गव्हाचा चीक करणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कृती मुळीच परकी वाटणार नाही.

तेथून चार पावलांवर कराची बेकरी. १९४७ च्या फाळणीत सिंधमधून जे लोक नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडले, त्यांतील खानचंद रामनानी या गृहस्थांनी १९५३ साली ती काढली. तेथील काजूची आणि फळांच्या रंगीत तुकड्यांची बिस्किटे आता देशोदेशी जातात. हे रंगीत तुकडे म्हणजे बहुधा पाकात मुरवलेली कच्ची पपईच असते, हे सांगितले म्हणजे पुष्कळांची निराशा होते. पण चवीत त्याने काही उणे येत नाही.

चारमिनारच्या बाजूस वळलात तर इराण्यांची चहाची दुकाने लागतात. चहाचा अर्क झाकण लावून निराळा मुरत ठेवावयाचा, दूध निराळे आटवावयाचे, आणि दोहोंची गाठ पेल्यातच घालून द्यावयाची, ही त्यांची पद्धत. त्या चहाबरोबर खारट-गोड उस्मानिया बिस्किट हवेच. कोणी म्हणतात ते उस्मानिया दवाखान्यातील रोग्यांसाठी निघाले, कोणी त्याचा संबंध थेट निजामाच्या आवडीशी जोडतात. दोन्ही कथा चहाबरोबरच सांगाव्यात आणि चहाबरोबरच संपवाव्यात. खरी गोष्ट एवढीच की इराणातून पोटासाठी आलेल्या माणसांच्या चहाशी त्या बिस्किटाचे लग्न लागले आणि संसार हैदराबादेत थाटला गेला.

आणखीही पाहा. तुपातल्या मिठाईसाठी ज्यांचे नाव घेतले जाते त्या पुल्ला रेड्डींचा उद्योग सुरू झाला कर्नूलला. कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची पूतरेकुलु येते गोदावरीकाठच्या आत्रेयपुरमची. श्रावणात मारवाड्यांच्या दुकानांत घेवराच्या चळती लागतात, त्या राजस्थानातून आलेल्या कुटुंबांमुळे. मोहरमात बेकऱ्यांतून दम के रोट मिळू लागतात. रवा, तूप आणि सुकामेवा यांचे ते खुसखुशीत रोट विकत घेण्यासाठी कोणाची जात वा धर्म विचारला गेल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

आता या सर्वांतून एक गोष्ट नजरेत भरते. हैदराबादची म्हणून जी मिठाई जगात मिरवते, तिच्यातला फार मोठा भाग बाहेरून आलेल्या माणसांनी आणलेला आहे. कोणी दुष्काळाने आला, कोणी व्यापाराला, कोणी नोकरीला, तर कोणी जीव वाचवायला. येताना घरदार आणता येत नाही, शेत आणता येत नाही. हाताचे कसब तेवढे आणता येते. ते कसब त्यांनी काचेच्या कपाटात मांडले आणि दुकानावर आपल्या सुटलेल्या गावाचे नाव लिहिले. आग्र्याचा पेठा, साताऱ्याचा कंदी पेढा, म्हैसूरपाक, बडोद्याचा चिवडा: खाद्यपदार्थाला गावाचे नाव लावणे ही तर आपल्या देशाची जुनीच रीत आहे.

ही रीत एका नावाच्या बाबतीत मात्र काहींना खुपू लागली. २०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामाच्या हल्ल्यानंतर बेंगळूरमध्ये कराची बेकरीच्या शाखेपुढे जमाव जमला आणि पाटीवरील ‘कराची’ हे अक्षर झाकावे लागले. २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हत्याकांडानंतर, आपल्याच शहराच्या वेशीवर शमशाबाद येथील शाखेची मोडतोड झाली. आपण भारतीय आहोत, आपले दुकान भारतीय आहे, असे मालकांना जाहीरपणे सांगावे लागले.

निरपराध माणसे मारली गेली म्हणजे लोकांचा संताप होणारच. त्या संतापाला आम्ही नावे ठेवीत नाही. शत्रुराष्ट्रातील शहराचे नाव आपल्या रस्त्यावर का, हा प्रश्नही वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु हा प्रश्न कोणाला विचारला जात आहे याचा क्षणभर विचार करावा. ज्याचे घर त्या राष्ट्राच्या निर्मितीत गेले, त्यालाच आपण राष्ट्रनिष्ठेचा दाखला मागत आहोत. १९५३ साली ज्या माणसाने ती पाटी लिहविली, त्याने परराष्ट्राचा गौरव केला नव्हता. गमावलेल्या गावाची आठवण ठेवली होती. फाळणीने त्याच्याकडून कराची शहर घेतले. आता त्याच्या नातवंडांकडून आपण ते नावही घ्यावयाचे, यात कोणता पराक्रम आहे?

मराठी वाचकाने तर या प्रश्नाकडे अधिक जिव्हाळ्याने पाहिले पाहिजे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्या काळात नोकरी-व्यवसायानिमित्त अनेक मराठी कुटुंबे कराचीस राहिली. तेथील शिक्षणखात्यात काम केलेले नारायण जगन्नाथ वैद्य हे गृहस्थ आपलेच. १८५५ साली सुरू झालेली तेथील सरकारी शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. कराचीच्या भर रस्त्यावर एका मराठी माणसाचे नाव शाळेच्या दारावर टिकून आहे. मग कराचीचे नाव हैदराबादच्या बेकरीवर टिकले तर आपले काय बिघडते?

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या स्वतःच्या दारावर आहे. नांदेडकर, बीडकर, परभणीकर, देगलूरकर ही आडनावे म्हणजे दुसरे काय आहे? सुटलेल्या गावांच्या पाट्याच त्या. काचीगुड्यात, बडी चावडीत, गौलीगुड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांनी त्या दारावरून काढल्या नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून गेले. ज्या गावांची आडनावे आपण लावतो ती गावे परराज्यात गेली. त्याच दिवशी आंध्र प्रदेश झाले, २०१४ साली तेलंगण झाले. आपण तेथेच राहिलो आणि आडनावेही राहिली. ‘तुमचे गाव आता दुसरीकडे गेले, तेव्हा आडनाव झाकून ठेवा’ असे या शहराने आपणांस कधी म्हटले नाही. या शहराचे हे औदार्य आपण वर्षानुवर्षे भोगीत आलो आहोत. दुसऱ्याच्या पाटीचा प्रश्न निघाला असता आपण गप्प बसलो, तर ते औदार्य आपणांस कळलेच नाही असा त्याचा अर्थ होईल.

अर्थात बेकरी आणि आपण यांचे जुने नाते फारसे गोडीचे नाही, हेही खरे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून केवढे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पावाला तर नावच पोर्तुगीजांनी दिलेले. आपल्या जुन्या घरांत पाव हा आजाऱ्याला दुधात कुस्करून द्यावयाचा पदार्थ. निरोग्याने तो खाणे म्हणजे चटोरपणा. परंतु दिवाळी आली की याच घरांतील बायका घरचा रवा-मैदा, घरचे तूप आणि साखर घेऊन बेकरीच्या दारात उभ्या राहात आणि नानकटाईचे पत्रे भाजून आणीत. पीठ घरचे, भट्टी त्यांची. सोवळ्याने जे अंतर राखले ते भट्टीच्या उबेने पुष्कळसे वितळविले.

येथे मात्र एक बोचरा प्रश्न पुढे येतो. तुर्काने हलवा आणला, इराण्याने चहा, सिंध्याने बिस्किटे, मारवाड्याने घेवर. आपण काय आणले? पुरणपोळी आणली, अनारसे आणले, चिरोटे, सांजोऱ्या, तिळगूळ, खव्याच्या करंज्या आणल्या. पण त्या सर्व माजघरात ठेवल्या. शहरातील नावाजलेल्या मिठाईच्या दुकानांची नावे मोजावयास बसावे तर त्यांत मराठी नाव शोधावे लागते. पदार्थ विकणे हे आपल्या मध्यमवर्गीय घरांना कमीपणाचे वाटले. वकिली केली, शिक्षकी केली, कचेऱ्यांतून कारकुनी केली, शाळा आणि ग्रंथालये काढली; ते थोर कार्यच झाले. परंतु दुकान काढले नाही. परिणाम असा की विवेकवर्धिनीचे नाव शहरास ठाऊक आहे, पण अनारसा कशाशी खातात हे शेजारच्या तेलुगु बिऱ्हाडालाही ठाऊक नाही.

माजघरातला पदार्थ माजघराबरोबरच संपतो. तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, कुटून गुळात कालवावे, पीठ मुरू द्यावे, खसखशीवर थापून मंद तुपात तळावे: हे सारे एका सासूने एका सुनेला हाताखाली घेऊन शिकवावयाचे. आता सून नोकरीवर जाते, मुले बेंगळुरास किंवा अमेरिकेत असतात, आणि दिवाळीचा फराळ पुण्याहून पार्सलने येतो. यात सुनेचा दोष नाही. जी विद्या एकाच स्वयंपाकघरावर विसंबून राहिली, तिची ही गत ठरलेलीच होती. सिंध्याची विद्या दुकानात आली म्हणून भट्टीवरच्या दहा कारागिरांना आली, आणि त्यांपैकी पुष्कळांनी सिंध कधी पाहिलेलाही नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपली मंडळे गणेशोत्सवात व्याख्याने ठेवतात, नाटके करतात. त्यांनी दिवाळीच्या आधी पंधरा दिवस एक विक्रीचे दालनही मांडावे आणि ते मराठी वस्तीपुरते न ठेवता सर्व शहरास उघडे ठेवावे. ज्यांच्या हाती अजून कसब आहे अशा वडीलधाऱ्या बायकांकडून कृती मापांसकट लिहून घ्याव्यात. ‘अंदाजाने मीठ’ आणि ‘लागेल तेवढे तूप’ यांवर पुढची पिढी तगणार नाही. एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने मिठाईचे दुकान काढण्याचे मनात आणले तर घरच्यांनी ‘हे काय आपले काम?’ असे म्हणू नये. आणि ते दुकान निघालेच तर त्याच्या पाटीवर सुटलेल्या गावाचे नाव खुशाल लिहावे.

तोपर्यंत एवढे तरी करावे की, ज्या दुकानांतून आपण आजवर खोकी भरभरून नेली त्यांच्या मालकांना, पाटीवरून पुन्हा कधी कोणी जाब विचारावयास आले, तर एकटे उभे राहू देऊ नये. मोअज्जमजाही मार्केटातील त्या बेकरीपुढे त्या दिवशी एखादे नांदेडकर, एखादे बीडकर आपल्या नावागावानिशी उभे असावेत. त्यांना तेथे भाषण करावे लागणार नाही. त्यांनी आपले आडनाव तेवढे सांगावे.