स्कॅनर हवा, पण हाताने लिहायची जागाही हवी



बिस्किटाचा पुडा, साबण, शाम्पूची बाटली, मुलांचे पाठ्येतर पुस्तक, यांपैकी काहीही हातात घ्या. मागच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा आणि त्यांच्याखाली आकडे दिसतील. दुकानदार त्यावर लाल उजेड टाकतो, 'टिक्' असा आवाज होतो आणि बिलात वस्तूचे नाव येते. हा बारकोड आता दुकानापुरता राहिलेला नाही. शाळांच्या वाचनालयातही तो आला आहे. संगणकावरचा जो फॉर्म आपण बोटांनी भरतो, तोच फॉर्म रेघा दाखवून भरता येतो. या सोयीत फायदा कुठे आहे आणि पेच कुठे आहे, ते या महिन्यात पाहू. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात काम करणाऱ्या वाचकांना याचा लगेच उपयोग होईल.

रेघा आल्या कुठून?

अमेरिकेत नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांनी १९४९ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये ते मिळाले. वुडलँड यांना तारायंत्राची मोर्स लिपी येत होती. समुद्रकिनारी बसून वाळूत बोटे ओढताना त्यांना सुचले की, मोर्सचे ठिपके आणि रेषा खाली ओढल्या तर बारीक-जाड रेघा तयार होतील. कल्पना सुचली, पण ती वाचणारे स्वस्त यंत्र तेव्हा नव्हते. पुढे आयबीएम कंपनीतील जॉर्ज लॉरर यांनी आज आपण पाहतो तसा दुकानातील बारकोड आखला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावात एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे पाकीट त्या पद्धतीने पहिल्यांदा विकले गेले. दोन दिशांनी वाचला जाणारा चौकोनी क्यूआर कोड त्यानंतर वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत तयार झाला.

आपल्याकडील बहुतेक वस्तूंवरचा क्रमांक ८९० ने सुरू होतो. ८९० म्हणजे वस्तू भारतातच बनली, असे अनेकजण समजतात. तसे नाही. तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेकडून घेतला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पुस्तकांचा क्रमांक म्हणजे आयएसबीएन. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा आकडी झाला आणि ९७८ ने सुरू होऊ लागला. ज्या आकड्यांनी एरवी देश ओळखला जातो, त्या जागी पुस्तकांसाठी ९७८ दिला गेला. म्हणून जाणकार गमतीने त्याला 'बुकलँड' म्हणजे पुस्तकांचा देश म्हणतात. त्यापुढे ८१ किंवा ९३ असेल तर ते पुस्तक भारतीय प्रकाशकाचे.

शेवटचा आकडा पहारेकरी

तेरा आकडे हाताने टाइप करताना चूक होणारच. दिवसभरात शंभर पुस्तके नोंदवणाऱ्या माणसाचे डोळे थकतात, ६ चा ९ होतो, दोन आकडे पुढे-मागे होतात. ही चूक पकडण्यासाठी तेरावा आकडा ठेवलेला असतो. त्याचे गणित पाचवीच्या मुलालाही जमते.

८९०१२३४५६७८९ हे पहिले बारा आकडे समजा. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक घ्या: ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. आता दुसरा, चौथा, सहावा असे घ्या: ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४. तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. ही बेरीज दहाच्या पाढ्यात यायला अजून किती हवेत? १३० आधीच पाढ्यात आहे, म्हणजे शून्य. म्हणून तेरावा आकडा ०. बेरीज १२७ आली असती, तर तेरावा आकडा ३ असता.

एखादा आकडा चुकला की हे गणित हमखास बिघडते. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तरी बहुतेक वेळा बिघडते. फक्त त्या दोन आकड्यांत पाचचा फरक असेल, उदाहरणार्थ २७ चे ७२ झाले, तर चूक निसटते. स्कॅनर हा हिशेब स्वतः करतो आणि जुळला नाही तर क्रमांक घेतच नाही. फॉर्मनेही तो करावा, कारण हाताने टाइप केलेल्या आकड्यावर दुसरा पहारा नसतो.

फॉर्मला स्कॅनर म्हणजे कीबोर्डच

पुष्कळांना वाटते की स्कॅनर जोडायला वेगळे महागडे सॉफ्टवेअर लागते. वायरीने संगणकाला जोडायचा साधा स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणूनच ओळख देतो. रेघा वाचून तो ते आकडे भराभर 'टाइप' करतो आणि शेवटी बहुधा एंटर दाबतो. म्हणजे जिथे टाइप करता येते, अशा कोणत्याही फॉर्ममध्ये तो चालतो. ग्रंथालयांसाठीचे कोहा आणि आपल्या सरकारच्या एनआयसीचे ई-ग्रंथालय ही सॉफ्टवेअरे ब्राउझरमध्ये चालतात आणि दोन्हींत बारकोडची सोय आहे.

मात्र फॉर्म करणाऱ्याने फक्त बोटांचा विचार केला असेल तर गाडी अडते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, संगणक शिकवत नाही. पण वाचनालयाची देवघेव पाहताना ज्या अडचणी समोर येतात, त्या अशा:

एक, एंटर. नाव, वर्ग, पुस्तक असे चार रकाने आहेत आणि पहिल्यातच स्कॅन केले, तर स्कॅनरच्या एंटरमुळे अर्धा फॉर्म जमा होतो. एंटर आल्यावर फॉर्मने पुढच्या रकान्यात जावे. फॉर्म बदलता येत नसेल, तर स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत काही बारकोड छापलेले असतात, त्यांतला योग्य तो वाचवला की स्कॅनर एंटरऐवजी टॅब दाबू लागतो.

दोन, कर्सर. स्कॅनरला पडदा दिसत नाही. कर्सर जिथे असेल तिथे तो आकडे टाकतो. फॉर्म उघडताच आणि प्रत्येक नोंदीनंतर कर्सर आपोआप क्रमांकाच्या रकान्यात यायला हवा. नाहीतर पुस्तकाचा क्रमांक मुलाच्या नावाच्या जागी जाऊन बसतो.

तीन, पुढची शून्ये. दाखल क्रमांक ००४५७ असेल आणि रकाना गणिती संख्येचा ठेवला असेल, तर त्याचे ४५७ होते आणि पुस्तक सापडत नाही. क्रमांक ही बेरीज-वजाबाकी करायची संख्या नव्हे, ते नाव आहे. रकाना साध्या मजकुराचाच हवा. जुन्या दहा आकडी आयएसबीएनमध्ये शेवटी कधीकधी एक्स हे अक्षर येते. तेही गणिती रकाना घेत नाही.

चार, तुकडे केलेला रकाना. दिसायला छान म्हणून एका क्रमांकासाठी तीन-चार छोट्या चौकटी करतात. स्कॅनर सगळे आकडे पहिल्याच चौकटीत ओततो. एका क्रमांकाला एकच चौकट असावी.

पाच, दोन लिपींत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांची खास अडचण. स्कॅनर आकडा पाठवत नाही, कोणते बटण दाबले तेवढे कळवतो. पुस्तकाचे नाव लिहायला कीबोर्ड मराठी किंवा उर्दूवर नेला आणि तसाच स्कॅनर चालवला, तर कीबोर्डच्या काही मांडण्यांत आकडे देवनागरी किंवा उर्दू वळणाचे उमटतात. माणसाला ९७८ कोणत्याही लिपीत सारखाच. भोळ्या फॉर्मला मात्र ते वेगळे वाटतात आणि तो 'क्रमांक चुकीचा' म्हणतो. क्रमांक कोणत्याही वळणाचा आला तरी फॉर्मने तो ओळखावा, मधल्या रेघा आणि मोकळ्या जागाही स्वतःच काढून टाकाव्यात. ही दुरुस्ती एखाद्या प्रोग्रामरला फार वेळ घेणारी नाही. ती मागायला मात्र कोणीतरी हवे.

ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांना मोबाईलचा कॅमेरा आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये बारकोड ओळखण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे, सर्व ब्राउझरमध्ये ती नाही. फॉर्म करणाऱ्याने तशी मोफत मिळणारी जोड वापरली तर इतर ब्राउझरमध्येही काम होते. कॅमेऱ्याची परवानगी मागताना ती कशासाठी हे फॉर्मने सांगावे. चित्र फोनमध्येच वाचून फक्त क्रमांक पुढे पाठवावा. घरातली, वर्गातली चित्रे कुठे जायचे कारण नाही.

ज्या पुस्तकावर रेघाच नाहीत

आता मुख्य गोष्ट. काही फॉर्म स्कॅन केल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाहीत. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, की चुका होऊ नयेत. पण आमच्यासारख्या शाळेच्या कपाटात पाहा. आयएसबीएनची पद्धत जगात १९७० मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या पुस्तकांवर तो नाहीच. छोट्या प्रकाशकांच्या उर्दू पुस्तकांवर, गावातल्या कवीने पदरचे पैसे घालून छापलेल्या मराठी संग्रहावर, कुणी आजोबांच्या नावाने दिलेल्या जुन्या बांधणीच्या पुस्तकांवर रेघा नसतात. फॉर्म फक्त स्कॅन मागत असेल, तर ही पुस्तके 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवली जातात. नोंद नाही म्हणून देवघेव नाही. देवघेव नाही म्हणून 'कोणी वाचत नाही' असा शेरा. पुढच्या वर्षी रद्दीच्या यादीत पहिला क्रमांक त्यांचाच. वाचनालयाला दिलेले पुस्तक ही अमानत असते. ती एका रकान्यापायी जाऊ नये.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे प्रत्येक स्कॅनच्या रकान्यात हाताने लिहायची मुभा हवी, आणि क्रमांकच नसेल तर नाव, लेखक, वर्ष लिहून पुढे जाता यायला हवे. दुसरा उपाय शाळेच्या हातात आहे. आयएसबीएन पुस्तकाचे नाव सांगतो, प्रत सांगत नाही. एकाच पुस्तकाच्या दहा प्रती असतील तर दहांवर तोच क्रमांक. कोणती प्रत कोणत्या मुलीकडे गेली हे कळायला दाखल नोंदवहीतला आपला क्रमांकच लागतो. त्या क्रमांकाचे बारकोड साध्या प्रिंटरवर चिकटकागदावर छापता येतात. एकदा ते चिकटवले की १९५५ चे उर्दू पुस्तक आणि कालचे नवे पुस्तक स्कॅनरपुढे सारखेच. रेघांखाली आकडे मात्र जरूर छापावेत. चिठ्ठी फाटली, मळली तर डोळ्यांनी वाचता येते.

छोट्या प्रकाशकांनाही एक सांगणे. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो आणि त्यासाठी शुल्क नाही. मोहल्ल्यात कुणी पुस्तक छापणार असेल, तर त्यांना हे कळवा.

नावाचा प्रश्न

हाच विचार माणसांच्या नोंदीलाही लागू आहे. आपल्या घरांत नावांच्या स्पेलिंगचा त्रास नवा नाही. मोहम्मदची इंग्रजी स्पेलिंगे किती, शेखची किती! प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक अक्षर चुकले की दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत ते पाठ सोडत नाही. आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता असतो आणि त्यावर डिजिटल सही असते, म्हणून मजकुरात फेरफार केला तर तपासताना उघड होतो. फॉर्मने तो वाचला तर नाव कार्डावर आहे तसे अक्षर न् अक्षर उतरते.

पण कार्डावरच चूक असेल तर? मग स्कॅनर ती चूक तितक्याच इमानदारीने उतरवतो. यंत्राने भरले म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि कोणी वाचत नाही. म्हणून जमा करण्याआधी फॉर्मने भरलेले नाव मोठ्या अक्षरांत दाखवावे, आणि आई-वडिलांनी ते मोठ्याने वाचून मगच हो म्हणावे. दुरुस्तीची जागाही तिथेच असावी. वाचनालयातही तसेच: स्कॅन होताच पुस्तकाचे आणि मुलीचे नाव पडद्यावर यावे, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते.

क्यूआरबाबत एक सावधगिरी. त्यात क्रमांकाऐवजी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ताही असू शकतो. वरून दुसरीच चिठ्ठी चिकटवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. फॉर्मला पुस्तक क्रमांक हवा असेल तर त्याने फक्त तसाच क्रमांक घ्यावा, बाकी नाकारावे.

शाळेने नवे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले, तर समितीच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. स्कॅन नाही झाले तर हाताने लिहिता येते का? चुकीचा क्रमांक तो ओळखतो का? जमा करण्याआधी माणसाला दाखवतो का? विक्रेत्याला तिथेच एक बारकोड नसलेले उर्दू पुस्तक द्या आणि नोंद करून दाखवायला सांगा.

आणि घरी मुलांसाठी या महिन्याचा गृहपाठ: स्वयंपाकघरातली पाच पाकिटे घ्या, पहिले बारा आकडे वाचून तेरावा ओळखायला सांगा, आणि अंगठा झाकून ठेवा. बेरीज, तिप्पट आणि दहाचा पाढा, तिन्हींची उजळणी होते.