'हॅण्डमेड' लिहिलं म्हणजे हाताने बनलं असं नाही! कोल्हापुरी चप्पल बनवणारे कारागीर ऑनलाइन बाजारात का अडखळतात?

मोबाईलवर 'कोल्हापुरी चप्पल' सर्च करा. दोन-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे जोड एकाच स्क्रीनवर दिसतील. फोटो जवळपास सारखे, नावं सारखी आणि बऱ्याच ठिकाणी 'हॅण्डमेड', 'ऑथेंटिक', 'प्युअर लेदर' हे शब्दही सारखेच. यातला कुठला जोड कोल्हापूरच्या कारागिराने शिवलाय आणि कुठला दुसऱ्याच राज्यातल्या कारखान्यात रेक्झिनपासून तयार झालाय, हे फोटोवरून सांगणं जवळपास अशक्य आहे.

इंटरनेट आलं की मधला व्यापारी बाजूला होईल आणि कारागीर थेट ग्राहकाला माल विकेल, असं गेली कित्येक वर्षं सांगितलं जातंय. ते काही प्रमाणात खरंही झालं. आज इन्स्टाग्रामवर रील टाकून, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेऊन आणि यूपीआयवर पैसे स्वीकारून चपला विकणारे कारागीर आहेत. मग अडचण नेमकी कुठे आहे? समजून घेऊया.

प्राडाच्या वादाने काय बदललं?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या फॅशन ब्रँडचा शो झाला. त्यात मॉडेल्सच्या पायात हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला होत्या, पण कोल्हापूरचा उल्लेख कुठेच नव्हता. सोशल मीडियावर टीकेची झोड उठली. त्यानंतर महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पाठवलेल्या पत्रात या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं प्राडाने मान्य केलं. जुलैमध्ये कंपनीची टीम कोल्हापुरात येऊन गेली.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्राचं 'लिडकॉम' आणि कर्नाटकचं 'लिडकर' या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. या दोन राज्यांत २,००० जोड बनवून घ्यायचे आणि सुमारे ८०० युरोला एक जोड विकायचा, अशी योजना जाहीर झाली.

बातमी मोठी होती. पण २,००० जोडांनी हजारो कारागिरांचं घर चालत नाही. त्यांचा रोजचा बाजार ८०० युरोचा नाही, तर हजार-दोन हजार रुपयांचा आहे. आणि त्या बाजारात त्यांची स्पर्धा प्राडाशी नाही, तर तीनशे रुपयांच्या नकली जोडाशी आहे.

जीआय टॅग आहे, मग नकली माल विकला कसा जातो?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानुसार महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत ठरलेल्या पद्धतीने बनलेल्या चपलेलाच हे नाव वापरता येतं. मानांकन लिडकॉम आणि लिडकर यांच्या नावावर आहे.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली, जीआय प्रामुख्याने नावाचं रक्षण करतो, डिझाइनचं नाही. त्यामुळे 'कोल्हापुरी' हा शब्द न वापरता 'एथनिक फ्लॅट्स' म्हणून तशीच चप्पल विकणाऱ्याला या कायद्याखाली अडवणं कठीण जातं. शिवाय भारतातला जीआय आपोआप इटलीत लागू होत नाही.

दुसरी, कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' नावाची तरतूद आहे. मानांकन महामंडळाच्या नावावर असलं, तरी एकेका कारागिराला स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते. अशी नोंद असलेल्याला नावाचा गैरवापर झाल्यास स्वतः दाद मागता येते. २०२० मध्ये या नोंदणीचं शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणलं गेलं.

नोंदणीचं महत्त्व प्राडा प्रकरणातच दिसलं. कंपनीविरोधात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. याचिकाकर्ते या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नाहीत, ज्यांच्या नावावर ते आहे त्यांनी दाद मागावी, असा त्यामागचा मुद्दा होता. म्हणजे हक्क कागदावर असून भागत नाही, तो कोणाच्या नावावर आहे हेही पाहिलं जातं.

कारागिराच्या हातात किती पैसे उरतात?

मोठ्या शॉपिंग अॅपवर दुकान उघडायला फार वेळ लागत नाही. हिशोब मात्र किचकट असतो. एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, प्रत्येक अॅपचे दर वेगवेगळे असतात.

समजा, एका जोडाची किंमत १,५०० रुपये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे किमतीतले साधारण ७१ रुपये करात गेले. अॅपचं कमिशन १५ टक्के धरलं, तर २२५ रुपये गेले. कुरिअरचे १०० आणि पॅकिंगचे ३० धरले, तर उरले १,०७४ रुपये.

आता पाच जोड पाठवले आणि त्यातला एक परत आला असं धरू. परत आलेल्या जोडाचं जाण्या-येण्याचं भाडं २०० रुपये आणि पॅकिंगचे ३० रुपये कारागिराच्या अंगावर पडले. हा तोटा उरलेल्या चार जोडांवर वाटला, तर प्रत्येक जोडामागे हातात येतात साधारण १,०१६ रुपये. चामडं आणि मजुरी यातूनच भागवायची.

हाच जोड तो गावातल्या दुकानदाराला ९०० रुपयांना देत असेल, तर ऑनलाइन विक्रीत त्याला सव्वाशेहून कमी रुपये जास्त मिळाले. त्यासाठी फोटो काढणं, मेसेजला उत्तरं देणं, पॅकिंग करणं आणि रिटर्नची तक्रार नोंदवणं ही कामं वाढली. हाताने काम करणाऱ्या माणसाचे तेवढे तास शिवणकामातून कमी होतात.

विक्रेत्यांचा सर्वात जास्त धसका असतो तो कॅश ऑन डिलिव्हरीचा. ग्राहक दारात आलेलं पार्सल नाकारतो, त्याचा एक रुपयाही जात नाही. भाडं मात्र विक्रेत्याला भरावं लागतं.

चप्पल परत येण्याचं प्रमाण का महत्त्वाचं आहे?

कारण कोल्हापुरी चप्पल बुटासारखी साच्यातून निघत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं कापून तळ, टाच, कान, पट्टे आणि अंगठा असे भाग तयार केले जातात. ते चामड्याच्याच वादीने शिवले जातात. वेणी घालण्याचं बारीक काम अनेक घरांत बायका करतात. एकाच कातड्याचे दोन तुकडेही रंगाला तंतोतंत सारखे नसतात. सुरुवातीला चप्पल कडक वाटते, कधी करकरते आणि वापरून पायाला बसते.

शॉपिंग अॅपचे नियम कारखान्यातल्या मालाला डोळ्यासमोर ठेवून बनलेले आहेत. फोटोपेक्षा रंग थोडा वेगळा असला की 'चुकीची वस्तू' म्हणून रिटर्न. ऑर्डर चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत पाठवली नाही की विक्रेत्याचं रेटिंग खाली. रेटिंग खाली गेलं की सर्चमध्ये नाव मागे. मशीनवर एका दिवसात शेकडो जोड काढणाऱ्याला हे नियम जड जात नाहीत. घरातल्या तीन माणसांच्या जोरावर काम करणाऱ्याला जातात.

जीएसटीची अडचण सुटली का?

अर्धवट. पूर्वी शॉपिंग अॅपवर वस्तू विकायची असेल, तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सूट मिळाली. उलाढाल मर्यादेच्या आत, म्हणजे महाराष्ट्रात वस्तूंसाठी ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर पॅनवर आधारित नोंद करून जीएसटी नंबरशिवायही अॅपवर विक्री करता येते.

पण ही सूट फक्त स्वतःच्या राज्यापुरती आहे. कोल्हापूरचा कारागीर जीएसटी नंबरशिवाय अॅपवरून गडचिरोलीला चप्पल पाठवू शकतो, पण जेमतेम ४० किलोमीटरवरच्या निपाणीला नाही, कारण निपाणी कर्नाटकात येते. देशभर विकायचं तर नोंदणी आली, विवरणपत्रं आली आणि ती भरणाऱ्याची फीसुद्धा आली.

हा प्रश्न फक्त कोल्हापूरचा आहे का?

नाही. एट्सी ही अमेरिकन वेबसाइट २००५ मध्ये खास हाताने बनवलेल्या आणि जुन्या वस्तूंसाठीच सुरू झाली. २०१३ मध्ये तिने विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकांकडून माल बनवून घ्यायला परवानगी दिली. पुढे कारखान्यातला माल 'हॅण्डमेड' म्हणून खपवला जातोय, अशी ओरड कारागीरच करू लागले. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने विक्रीवरचं शुल्क ५ वरून ६.५ टक्के केलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकानं बंद ठेवली. २०२४ मध्ये एट्सीने वस्तू विक्रेत्याने स्वतः बनवली आहे, फक्त डिझाइन केली आहे की निवडून आणली आहे, हे सांगणारी लेबलं आणली.

म्हणजे केवळ हस्तकलेसाठी उभ्या राहिलेल्या बाजारातही 'हे कोणी बनवलं?' हा प्रश्न सुटलेला नाही. कारण बहुतेक ठिकाणी 'हॅण्डमेड' हा शब्द विक्रेता स्वतःच लिहितो. तो तपासायला कारागिराच्या घरी कोणी जात नाही.

मग उपाय काय?

लिडकॉमने कोल्हापुरी चपलेसाठी क्यूआर कोड आणला आहे. तो स्कॅन केला की जोड कोणी बनवला, कुठे बनवला आणि कोणतं साहित्य वापरलं, ही माहिती मिळावी अशी ही व्यवस्था आहे. दिशा बरोबर आहे. पण ग्राहक चप्पल ऑनलाइन घेतो तेव्हा तो कोड पार्सल उघडल्यावर दिसतो, पैसे आधीच गेलेले असतात. खरा फरक तेव्हा पडेल, जेव्हा शॉपिंग अॅप 'कोल्हापुरी' हे नाव वापरू देण्याआधी अधिकृत वापरकर्ता क्रमांक मागेल. हे तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. जीएसटी नंबर मागितला जातोच.

सरकारी मदतही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारांसह १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण कर्जातून भांडवल उभं राहतं, बनावट मालाशी असलेली किमतीची स्पर्धा संपत नाही.

यात सामाजिक बाजूही आहे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने चर्मकार समाजाने केलं. समाजाने त्यांची चप्पल वापरली, पण त्यांना मान दिला नाही. आता हीच चप्पल ट्रेंडमध्ये आल्यावर चांगला कॅमेरा, इंग्रजी कॅप्शन आणि जाहिरातीचं बजेट असलेले ब्रँड पुढे दिसतात. ब्रँडने कारागिराचं नाव सांगून, योग्य दर देऊन काम केलं तर दोघांचाही फायदा आहे. नाव पुसलं गेलं तर फक्त व्यापारी बदलला, व्यवहार तोच राहिला.

ऑनलाइन घेताना काय पाहाल?

- जोड कोणी आणि कोणत्या गावात बनवला, हे मेसेज करून विचारा. कारागीर किंवा प्रामाणिक विक्रेता लगेच सांगतो.
- जीआयचा अधिकृत वापरकर्ता क्रमांक किंवा क्यूआर कोड आहे का, ते विचारा.
- तळाचा आणि शिलाईचा जवळून काढलेला फोटो मागा. खिळे किंवा रबरी तळ दिसला तर चौकशी करा.
- कागदावर पाऊल ठेवून माप काढा आणि ते पाठवा. रिटर्नची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते.
- शक्य असेल तर पैसे आधी भरा आणि जोड तयार व्हायला वेळ द्या.
- खरं चामडं आणि हाताची शिलाई तीनशे रुपयांत परवडत नाही. किंमत फारच कमी असेल तर 'हॅण्डमेड' या शब्दावर विसंबू नका.

प्राडाच्या शोनंतर 'आमची कोल्हापुरी' म्हणून अनेकांनी पोस्ट टाकल्या. त्या रागाचा उपयोग व्हायचा असेल, तर पुढची ऑर्डर टाकताना 'बनवलं कोणी?' हा एक प्रश्न विचारायला हवा. ग्राहक तो विचारू लागले, तर अॅपनाही त्याचं उत्तर वस्तूच्या पानावर द्यावं लागेल.