'प्रांत' म्हटलं की वसाहत संपते का?

मुलीच्या ॲटलासमध्ये आफ्रिकेच्या वायव्येला एक तुटक रेघ आहे. "बाबा, ही सलग का नाही?" पश्चिम सहारा. समजावायला बसलो आणि डोकंच तापलं.

स्पेननं १९५८ला या वसाहतीला कागदोपत्री 'प्रांत' करून टाकलं. सहरावी माणसाच्या खिशात स्पेनचं ओळखपत्र, माद्रिदच्या संसदेत त्यांचे प्रतिनिधी, वर स्पेनचा झेंडा. गोवेकरांना ही चलाखी नवी नाही. सालाझारनं १९५१ला गोव्याचा असाच 'सागरपार प्रांत' केला होता. वसाहतच नाही म्हटल्यावर सोडायचं काय!

बरं, प्रांत म्हणालात ना? मग स्वतःचा प्रांत कुणी असा वाटून टाकतं का? १९७४ला सार्वमताचं वचन दिलं, त्यासाठी जनगणनाही केली, सुमारे ७४ हजार माणसं मोजली. ऑक्टोबर १९७५मध्ये हेगच्या न्यायालयानं सांगितलं, मोरोक्को आणि मॉरिटानियाचे जुने संबंध म्हणजे मालकी नव्हे, लोकांना ठरवू द्या. आणि महिन्याभरात, फ्रँको मरणपंथाला लागलेला असताना, माद्रिदमध्ये करार करून कारभार त्याच दोघांच्या हवाली! ज्यांची जमीन त्यांना खुर्चीसुद्धा नाही.

स्पेन निघून गेला. २७ फेब्रुवारी १९७६ला पोलिसारिओनं प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याचा झेंडा काळा-पांढरा-हिरवा, लाल त्रिकोण, मध्ये चंद्रकोर नि तारा. आफ्रिकन युनियनमध्ये तो इतर सदस्यांच्या रांगेत असतो. लायून शहरात मात्र मोरोक्कोचाच. २००२ला युनोच्या कायदा सल्लागारानं लिहून दिलं की माद्रिद करारानं सार्वभौमत्व कुणाकडेही गेलेलं नाही. १९९१पासून तिथं युनोचं मिशन आहे, त्याच्या नावातच सार्वमत आहे. ३० वर्षं उलटून गेली, मतपेटी काही आली नाही. टिंडूफच्या छावण्यांत तिसरी पिढी जन्मली.

आणि आपण? १९८५ला राजीव गांधी सरकारनं या प्रजासत्ताकाला मान्यता दिली, २०००ला वाजपेयी सरकारनं काढून घेतली. मोरोक्कोचं फॉस्फेट आपल्याला लागतं, डीएपीच्या गोणीशिवाय आपलं रान चालत नाही, मान्य. पण खत विकत घेताना तोंडही विकायचं असतं का? सालाझारच्या 'प्रांता'वर हसलेला देश आपण. निदान युनोत उभं राहून एकदा विचारा की राव, सार्वमत कधी?