पाचशेत कळसूबाई

माणशी पाचशे रुपये, त्यावर दमडी नाही, अशी अट आमच्या खजिनदाराने आधीच घालून ठेवली होती. हा मित्र एका पतपेढीत वसुलीचं काम करतो, त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालायला सहसा कुणी धजत नाही. पैशांच्या बाबतीत हात आखडला, तरी डोंगर निवडताना मात्र त्याने काटकसर केली नाही. कळसूबाई! १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. उंची फुकट आहे तर सगळ्यात जास्त घ्यावी, असा त्याचा सरळ हिशेब.

आम्ही आठ जण. पाच पुरुष, तीन बायका, सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. महाविद्यालयात असताना खिशात पैसे नव्हते म्हणून स्वस्तात हिंडलो. आता पैसे आहेत, तरी स्वस्तात हिंडायची खाज आहे. अशा ट्रेकला हल्ली ‘बजेट ट्रेक’ म्हणतात. शनिवार-रविवारच्या तयार सहली मिळतात, त्यात बस, नाश्ता, जेवण, म्होरक्या आणि शिखरावरचा फोटो सगळं येतं. पण त्या सहलीच्या एका माणसाच्या पैशांत आमचे दोघं-तिघं जाऊन येतात, हे खजिनदाराने कागदावर मांडून दाखवलं आणि ठराव मंजूर झाला.

मुंबईकरांना कळसूबाई स्वस्त पडते याचं पहिलं श्रेय मध्य रेल्वेला. सीएसएमटीपासून कसारा १२१ किलोमीटर. एवढ्या लांब नेऊन सोडणारी लोकल दोघांच्या वडापाव-चहाच्या पैशांत जाते-येते. ठाण्याला पहाटेची गाडी पकडली. दोघं कल्याणला चढले. आसनगाव, आटगाव, खर्डी, उंबरमाळी करत गाडी रिकामी होत गेली आणि खिडकीतून येणारा वारा गार होत गेला. कसाऱ्याला स्टेशनबाहेर जीपवाले उभेच असतात. दहा डोकी भरल्याशिवाय जीप हलत नाही. आमची आठ, शिवाय घोटीला जाणारं एक जोडपं. माणशी सव्वाशे ठरले. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, आणि तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी. हे गाव अकोले तालुक्यातलं, जिल्हा अहिल्यानगर. डोंगराची दुसरी बाजू नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात उतरते. दोन जिल्ह्यांनी वाटून घेतलेला डोंगर आहे हा.

सामानाचं म्हणाल तर विकत घेतलेलं जवळपास काहीच नव्हतं. पायात अ‍ॅक्शनचे बूट. सह्याद्रीत हिंडणाऱ्या कितीतरी पिढ्या याच बुटांवर पोसल्या आहेत आणि दगडावर त्यांची पकड भल्या भल्या परदेशी बुटांना हार जात नाही. पाठीवर मुलांच्या जुन्या दप्तरवजा पिशव्या. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. पाण्यात घालायला लिंबू, मीठ, साखर. पाणी मात्र प्रत्येकी तीन लिटर, घरून भरून. पाण्याच्या वजनात काटकसर करणारा माणूस शेवटी दुसऱ्याच्या बाटलीवर जगतो, हा जुना अनुभव.

सप्टेंबर सरत आला होता. पाऊस ओसरला होता, भाताची खाचरं अजून हिरवी होती आणि उतारांवर सोनकी पिवळीधमक फुलली होती. बारीतून ओढा ओलांडला की पायथ्याचं देवीचं मंदिर लागतं. ज्यांना वर जाणं झेपत नाही ते इथेच हात जोडतात. आमच्यातल्या एकीने “मी इथेच थांबते, तुम्ही या जाऊन,” असा प्रयत्न करून पाहिला, पण पाचशेची वर्गणी परत मिळणार नाही असं कळल्यावर ती निमूट चालू लागली.

गावापासून माथ्यापर्यंत चढ सुमारे नऊशे मीटरचा आहे. वाट फसवी नाही, पण दमवणारी आहे. पायऱ्या, मग कातळ, मग जरा सपाटी, मग पुन्हा पायऱ्या. दरडीच्या जागी लोखंडी शिड्या लावल्या आहेत. शनिवारच्या रात्री शेकडो माणसं सूर्योदयासाठी चढतात, तेव्हा या शिड्यांपाशी रांग लागते. आम्ही मुद्दाम मधला वार धरला होता. त्यासाठी एका दिवसाची रजा गेली, पण खजिनदाराने ती खर्चात धरली नाही. “रजा ज्याची त्याची,” तो म्हणाला.

नवरात्रात इथे जत्रा असते. आजूबाजूच्या गावांतली माणसं नारळ आणि ओटीचं सामान घेऊन वर जातात, त्यांत कित्येक अनवाणी. त्यांच्यापुढे आमच्या पाचशे रुपयांच्या फुशारकीला काय किंमत! ही माणसं ‘ट्रेक’ हा शब्द उच्चारतही नाहीत. देवीला जाऊन येतो, म्हणतात.

माथ्याच्या थोडं खाली एक विहीर आहे. तिच्या अलीकडे, बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाच्या आडोशाला एक मावशी लिंबू सरबत विकत बसल्या होत्या. काकडी, ताक, सरबत. सरबत तीस रुपये. खजिनदाराचा हात खिशातच थांबला.

“मावशी, खाली वीसला देतात की हो.”

“मग खालीच प्यायचं होतं, दादा.”

सगळे हसले, तोही हसला, पण त्याचा वसुलीचा स्वभाव गप्प बसेना. आठ पेले घेतो, दीडशेला द्या, असं त्याने सुरू केलं. मावशी काही बोलल्या नाहीत. त्या लिंबं पिळत राहिल्या, म्हणजे भाव पक्का होता.

तेव्हा आमच्यातला स्थापत्य अभियंता मधे पडला. म्हणाला, “तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद असते तेव्हा पाण्याचा मोठा बाटला तिसऱ्या मजल्यावर आणून द्यायला पोऱ्या किती घेतो?” दहा रुपये जास्त, खजिनदाराने कबूल केलं. “एक मजला तीन मीटर धर. गावापासून माथ्यापर्यंत नऊशे मीटर म्हणजे तीनशे मजले. मावशी दोन-चार मजले खाली बसल्यात, तेवढे सोडून दे. साखर, लिंबं, पेले, ताकाची कळशी डोक्यावर घेऊन त्या रोज एवढं चढतात. आणि वर चढायचे दहा रुपये जास्त मागतात म्हणून तू भांडतोयस.” खजिनदाराने मुकाट्याने दोनशे चाळीस मोजले.

वर पोचलो. माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आणि भोवती जेमतेम जागा. वारा असा की टोपी हातात धरावी लागते. पश्चिमेकडे अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही दुर्ग खांद्याला खांदा लावून उभे. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, प्रवरेवर विल्सन धरणाने अडवलेलं. हे धरण १९२६ साली पुरं झालं. त्यापलीकडे रतनगड, आणि हवा स्वच्छ असेल तर हरिश्चंद्रगडही ओळखू येतो. एवढा मुलूख एका जागेवरून दिसतो आणि त्याचं तिकीट नाही, यावर खजिनदार बेहद्द खूश होता.

पण मला वर बसून आठवत राहिली ती या डोंगराची कथा. तिचे पाठभेद आहेत. त्यातला एक असा : कळसू नावाची मुलगी गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी सांगाल ते करीन. पाटलाने अट मान्य केली. एके दिवशी घरात पाहुणे फार आले आणि तिला भांडी घासायला लावली, केरही काढायला लावला. ठरलेला शब्द मोडला म्हणून कळसूने घर सोडलं आणि ती डोंगरावर निघून गेली. जिथे तिने भांडी घासली ती जागा म्हणजे थाळेमेळ, असं सांगतात. वर जाऊन राहिली तो हा डोंगर.

देवीच्या कथांत राक्षस मारले जातात, वर दिले जातात. इथे तसलं काही नाही. इथे कामाच्या अटी आहेत आणि त्या मोडल्यावर काम सोडणं आहे. राज्यातल्या सर्वांत उंच जागी ज्या मुलीची स्थापना लोकांनी केली, ती ठरल्याबाहेरचं काम नाकारणारी कामकरी मुलगी आहे. तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आम्ही एका बाईच्या मजुरीत नव्वद रुपये कमी करायला निघालो होतो. आम्ही म्हणतो, कारण तो भाव करत असताना, अभियंता सोडला तर, बाकीच्या सहा जणांना मनातून तो यशस्वी व्हावा असंच वाटत होतं.

स्वस्तात हिंडायला माझी ना नाही, उलट तीच खरी मजा आहे. प्रश्न इतकाच, की वाचलेला पैसा कुणाच्या वाट्यातून वाचला. मोटारीऐवजी लोकल घेतली, तिथे आपली झोप आणि आराम खर्ची पडला. महागडं सामान घेतलं नाही, तिथे आपली हौस मोडली. म्होरक्या घेतला नाही, तिथे वाट शोधायचे कष्ट आपले. ही काटकसर आपल्या अंगावर घेतलेली आहे, तिचा अभिमान खुशाल बाळगावा. सरबतात वाचवलेले दहा रुपये मात्र आपल्या अंगावर येत नाहीत, ते मावशींच्या गुडघ्यांवर जातात. दोन्ही बचती वहीत एकाच रकान्यात लिहिल्या जातात म्हणून आपल्याला त्या सारख्या वाटतात.

या पट्ट्यात भात, नागली, वरई पिकते ती बहुतेक पावसाच्या पाण्यावर. हंगाम सरला की बरीच माणसं नाशिक-नारायणगावकडच्या बागायतीत मजुरीला जातात. डोंगरावर बांबूचा आडोसा उभा राहिला, गावात चार घरी जेवणं मिळू लागली, तर तेवढी माणसं घरी राहू शकतात. ट्रेकरांमुळे गावाचं कल्याण झालं असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. शिवाय आम्ही वर ठेवून येतो त्या रिकाम्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं कुणी उचलायची, तो हिशेब निराळाच.

उतरताना गुडघ्यांनी आपापली वयं जाहीर केली. बारीत एका घरी सकाळीच जेवण सांगून ठेवलं होतं. पिठलं, भाकरी, ठेचा, वरण-भात, दीडशे रुपयांत पोटभर. खजिनदाराला नवी युक्ती सुचली. “पोटभर म्हणजे कितीही ना? मग सहा ताटं सांगू, आठ जण वाटून खाऊ.” वीस वर्षांपूर्वी आम्ही हे केलं असतं आणि नंतर कित्येक वर्षं हसत हसत सांगितलंही असतं. या वेळी पायथ्याशीच बसून राहायला निघालेली मैत्रीण म्हणाली, “आठ जणांचं सांगितलं होतं. त्यांनी आठ जणांच्या भाकऱ्या थापल्यात. ठरलंय ते ठरलंय.” तिच्या ते ध्यानात होतं की नाही ठाऊक नाही, पण हे कळसूचंच वाक्य होतं. आठ ताटं आली. आम्ही सगळी चाटूनपुसून संपवली.

परतताना बारीच्या फाट्यावर घोटीकडे जाणारी एसटी मिळाली. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. खजिनदाराने तिघींची वाचलेली रक्कम सामाईक खात्यात जमा करायचा प्रस्ताव मांडला. तिघींनी तो एकमताने फेटाळला. सवलत सरकारने आम्हाला दिली आहे, तुमच्या वहीला नाही, असं त्यांचं म्हणणं. घोटीहून जीप, कसाऱ्याहून लोकल. कसाऱ्याच्या गाड्यांमध्ये अंतर बरंच असतं, त्यामुळे एक चुकली की फलाटावर बसून राहावं लागतं. आम्हाला गाडी मिळाली आणि खिडकीही मिळाली.

कल्याण यायच्या आत हिशेब झाला. लोकल, जीप, एसटी, सकाळचा चहा-पोहे, सरबत, जेवण, सगळं धरून माणशी पाचशेच्या थोडं वर गेलं. पंचवीस-तीस रुपयांनी अट मोडली होती. खजिनदाराने वही पुढे केली आणि सरबताच्या ओळीवर बोट ठेवलं. कुणीतरी म्हणालं, “पुढच्या वेळी घरून जास्त लिंबं आणू.” तो म्हणाला, “लिंबं आणा, पण मावशींचं सरबत आता अंदाजपत्रकात. पुढच्या खेपेला पाचशे पन्नास.”

एवढी दरवाढ मी आजवर त्याच्याकडून मंजूर होताना पाहिलेली नाही. तुम्हीही जाणार असाल तर लोकलने जा, जुने बूट घाला, पुऱ्या घरून न्या आणि जीपवाल्याशी हवं तर बसण्याआधी भाव ठरवून घ्या. डोंगरावर जे विकत घ्याल त्याचा मात्र सांगतील तो भाव द्या. पाचशेत कळसूबाई बसत नाही. पाचशे पन्नासमध्ये बसते.