या वर्षी एक बिनकामाचा नेम



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा नव्या डायऱ्या वाटून झालेल्या असतील, ३ जानेवारीचे सावित्रीबाईंच्या जयंतीचे कार्यक्रम पार पडलेले असतील आणि तिळगुळाचा वास कुठे ना कुठे सुटलेला असेल. संघटनांचं वर्षाचं नियोजन डिसेंबरातच होतं. आमचंही झालं. त्या बैठकीत घडलेली एक गोष्ट या वेळी इथे मांडते आहे, कारण तिच्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

आढावा बैठकीचा दुसरा दिवस, दुपारची जेवणं झालेली. म्हणजे पेंगण्याची वेळ. एका कार्यकर्तीने सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी स्वतःसाठी काय करणार ते एका ओळीत लिहा. नाव घालू नका." मग एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली. लेकीला नर्सिंगला घालणार. गटाचं थकलेलं कर्ज फेडणार. सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. घराच्या उताऱ्यावर माझं नाव लावून घेणार (याला टाळ्या पडल्या, आणि पडायलाच हव्यात). वजन कमी करणार. राग कमी करणार. एका चिठ्ठीत होतं, 'अहवाल वेळेवर पूर्ण करणार.' ती माझी होती. एक चिठ्ठी कोरी निघाली.

म्हणजे 'स्वतःसाठी' या शब्दाचे आम्ही दोनच अर्थ लावले होते. एक, दुसऱ्याचं काम. दोन, स्वतःची दुरुस्ती.

चहाच्या वेळी एक जण आपणहून जवळ आली. समुपदेशन केंद्रात अकरा वर्षं काम करणारी. म्हणाली, "ताई, कोरी चिठ्ठी माझी. मला काय आवडतं तेच आठवेना." रोज तीन-चार बायकांचं मारहाणीचं, हाकलून दिल्याचं ऐकणारी ही बाई. आम्ही तिला 'थकलीय' म्हणून दोन दिवस रजा घ्यायला लावली होती. त्या दोन दिवसांत तिने घरातल्या गोधड्या धुतल्या. गेल्या वर्षात आमच्या दोन अनुभवी कार्यकर्त्या काम सोडून गेल्या. कारण विचारलं तर दोघींनीही 'घरचं' असं सांगितलं. आम्ही ते लिहून घेतलं आणि पुढच्या विषयाकडे वळलो. तिथे थांबायला हवं होतं.

सरकारी वेळ-वापर पाहणीतले आकडे आपण भाषणात नेहमी वापरतो. २०१९ सालच्या पाहणीत घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. २०२४ च्या पाहणीत ती २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली. पण पुरुषांचा आकडाही त्याच काळात ९७ वरून ८८ वर आला. तेव्हा ही दहा मिनिटं नवऱ्याने उचलली असं म्हणायला जागा नाही. ती कशी का सुटली असेनात, त्यांचं बाई काय करते, असा प्रश्न मला त्या कोऱ्या चिठ्ठीनंतर पडला.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला उद्दिष्ट कसं लिहावं हे शिकवलं होतं. मोजता यावं, मुदत ठरलेली असावी, हाताबाहेरचं नसावं. प्रकल्पांचे प्रस्ताव लिहून लिहून ते पाठ झालं आहे. पण खरं सांगायचं तर हे आपल्या आज्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. व्रताची बांधणी बघा. सोळा सोमवार म्हणजे सोळाच. चातुर्मासाचा नेम म्हणजे चारच महिने, आणि तोही झेपेल असा. कुणी वांगं सोडायची, कुणी पानावर जेवायची. सोबत शेजारणी असायच्या. शेवटी उद्यापन, गोडाचं जेवण, की सुटलात. वाद आहे तो व्रत कुणासाठी करायचं याच्याशी. नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलाच्या भरभराटीसाठी बाईने उपाशी राहायचं, हे आपण नाकारलं आणि बरोबरच केलं. पण त्यासोबत तो मोजका, सोबतीने करायचा, संपणारा नेमही आपल्या हातून गेला. राहिलं ते 'कार्य', ज्याला उद्यापन नाही.

म्हणून संध्याकाळी चिठ्ठ्यांची दुसरी फेरी घेतली. या वेळी अटी घातल्या. ज्याचा कुणालाही उपयोग होणार नाही असंच लिहायचं. पन्नास रुपयांच्या वर खर्च नको. दोन महिन्यांत होईल एवढंच. आणि जमलं नाही तर पाप नाही.

मग मात्र खोलीचा नूर पालटला. एकीला लहानपणी विहिरीत मुटका मारता यायचा, लग्नानंतर वीस वर्षांत पाण्यात उतरली नव्हती. तिने लिहिलं, 'माहेरी जाऊन एकदा उडी.' एकीला हॉटेलात एकटीने बसून चहा प्यायचा होता, पार्सल नाही, बसून, आणि घाई न करता. एकीला मुलाची सायकल चालवायची होती. दोघींनी मिळून दर पौर्णिमेला बसफुगडी घालायचं ठरवलं, गुडघे आहेत तोवर. मी लिहिलं, दर रविवारी एक वाईट चित्र काढणार. 'वाईट' हा शब्द मुद्दाम घातला, नाहीतर मी त्याचंही प्रशिक्षण घ्यायला गेले असते.

इथेच वाद सुरू झाला. चळवळीत तीस वर्षं काढलेली आमची एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "अगं, बाजार बायकांना दुसरं काय सांगतोय? स्वतःचे लाड करा. आठ मार्चला साड्यांवर सूट मिळते ती याच नावाने. आपणही तेच सांगायचं? सकाळीच जळलेल्या बाईला भेटून सिव्हिलमधून आलोय आपण." तिचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. आणि एका तरुण कार्यकर्तीने आणखी अवघड मुद्दा काढला. विहिरीत पोहण्याच्या गमती तुमच्या, ती म्हणाली. माझ्या आजीला त्या विहिरीला हात लावायची बंदी होती. मंगळागौरीचे खेळ सवाष्णींचे. आणि आमच्याकडच्या बाईने नाचायचं ते दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी. तुम्ही कुणाचा खेळ परत आणताय?

यावर कुणीच लगेच बोललं नाही. मलाही वाटतं, जुना खेळ जसाच्या तसा परत आणण्यात अर्थ नाही. हळदीकुंकवाचा तिळगूळ समारंभ करून विधवा, परित्यक्ता, एकट्या सगळ्यांना आपण बोलावलंच ना, तसंच हेही नव्याने मांडावं लागेल. पण म्हणून खेळ हा चोचला ठरत नाही. बेबीताई कांबळे आठवा. फलटणला छोटंसं दुकान चालवताना त्या वह्या लिहीत आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून दडवून ठेवत. 'जिणं आमचं' पुस्तकरूपात आलं १९८६ साली. त्या लपवलेल्या वह्यांना त्या वेळी कुणी काम म्हटलं नसतं.

आपल्या चळवळीत निर्मिती कमी नव्हती. 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं आणि गावोगाव गेलं. गाणी झाली, पोस्टर झाली, ओवीच्या चालीवर घोषणा झाल्या. पण सगळी कामाला जुंपलेली. पोस्टरसाठी नसलेलं चित्र आपल्यातल्या कितीजणींनी काढलं आहे?

आणि बिनकामाच्या नेमातून काम निघतंच. सायकलवालीने रविवारचा एक तास मागितला तेव्हा घरात विचारणा झाली, "मग दुपारचा भात कोण टाकणार?" सासूच्या ऑपरेशनला कुणी असं विचारत नाही, प्रशिक्षणाला जायचं असलं तर कुरकुर करून का होईना सोडतात. पण 'मला सायकल फिरवायचीय' या कारणाला घरात जागाच नाही. तिने कारण बदललं नाही, हे मला विशेष वाटतं. पहिल्या रविवारी भात करपला. दुसऱ्या रविवारी मुलाने वरणही केलं. कामाच्या वाटणीवर आम्ही घेतलेल्या सत्रांनी तिच्या घरात हे घडलं नव्हतं.

ज्येष्ठ मैत्रीण अजून पटलेली नाही. तिचा लेख पुढच्या अंकात येईल. तुमचंही म्हणणं हवं आहे. तुमच्या गटात चिठ्ठ्यांच्या दोन्ही फेऱ्या घेऊन बघा आणि काय निघालं ते कळवा. फसलेले नेमही कळवा, दोन पानं राखून ठेवली आहेत. माझी पाचपैकी दोनच चित्रं झाली. त्यातलं मांजर बटाट्यासारखं दिसतं.

कोरी चिठ्ठी देणारीने दुसऱ्या फेरीत बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि शेवटी लिहिलं, 'शिट्टी वाजवायला शिकणार.' लहानपणी एकदा वाजवली तेव्हा आजीने तोंडावर मारलं होतं, असं नंतर म्हणाली. परवा केंद्रातली शेवटची बाई गेल्यावर फाइली आवरताना तिचा सराव चालू होता. नुसती हवा येत होती. मलाही येत नाही. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून पंधरा मिनिटं फुंकत होतो.