सतरा वासरं आणि एक लाख गॅलन दूध

‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिलाय. गाय उपयुक्त प्राणी आहे. ती दूध देते. शेणापासून खत होते. दहा ओळी, झाला निबंध!

आता एक दगड बघा. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या दक्षिणेला, विकलो परगण्यात पॉवर्सकोर्ट हा जुना मोठा वाडा आहे. त्याच्या बागेत मालकांनी आपल्या लाडक्या प्राण्यांना पुरलं आणि प्रत्येकाच्या डोक्याशी नावाचा दगड लावला. बहुतेक कुत्री आहेत. टॉमी नावाचं शेटलंड तट्टू आहे, आणि मॅजिक ही त्याची ‘पत्नी’, असं चक्क दगडावर कोरलंय! आणि तिथेच एक जर्सी गाय आहे, युजेनी. १९६७ साली गेली, वय १७. तिला १७ वासरं झाली आणि तिने एक लाख गॅलनहून जास्त दूध दिलं, असं तिच्या दगडावर लिहिलंय.

म्हणजे तिथेही दूधच मोजलं की! पण जरा वही घ्या. तिकडचा गॅलन साधारण साडेचार लिटरचा. लाख गॅलन म्हणजे साडेचार लाख लिटर. पहिलं वेत दोनेक वर्षांनी धरलं तर उरली पंधरा वर्षं. एकही दिवस न आटता रोज ऐंशी लिटरच्या वर! कुठल्याही गवळ्याला विचारा, तो हसेल.

मला वाटतं, हा हिशोब नाहीच. आपल्याकडचा शेतकरी मेलेल्या गाईबद्दल सांगतो ना, “बादल्या भरायच्या हो नुसत्या!” तसंच हे. कोणी म्हणेल, श्रीमंतांचे चोचले. असतीलही; दगड कोरून घ्यायला पैसे लागतात. पण ‘गाय उपयुक्त प्राणी आहे’ असं तिथे कोणी कोरलं नाही. युजेनी म्हणून कोरलं, आणि तिच्याबद्दल बोलताना आकडा सुटला तो सुटलाच.

निबंध तपासताना मी हेच शोधत असतो. मागे एका मुलीने लिहिलं होतं, “आमची चंद्री फक्त आजीलाच दूध काढू देते. आजी दवाखान्यात होती तेव्हा तिने बाबांना लाथ मारली.” अख्ख्या निबंधात तेवढंच तिचं स्वतःचं होतं. आणि नेमकं तेच तिने पेनाने खोडलं होतं. विचारलं तर म्हणाली, “सर, मार्क जातील ना.”