मुलीचं नाव: झोई, सोफिया आणि चांदबी

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. आपल्या समाजात मुलगी जन्मली की ही दोन्ही कामं एकदमच सुरू होतात. आईबापांनी एखादं नाव सुचवलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, "हे अरबी नाही, म्हणजे इस्लामी नाही." दुसरं कुणीतरी हळूच सल्ला देतं, "नावावरून धर्म कळेल असं ठेवू नका. उद्या भाड्याचं घर बघायचंय, नोकरी शोधायचीय." मग मधला मार्ग म्हणून सोफिया किंवा झोया निघतं. ऐकायला गोड, कुठेही खपणारं.

ही दोन्ही नावं मुळात ग्रीक आहेत. ग्रीक मुलींची नावं मला फार आवडतात, पण त्यांच्या आड लपता येतं म्हणून नव्हे. कारण वेगळं आहे.

झोई म्हणजे जीवन. झोया हे त्याचंच रशियन रूप. अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर झोई नावाची सम्राज्ञी होती आणि 1042 मध्ये काही काळ तिने बहीण थिओडोरासोबत राज्य केलं. आता आपल्या आयेशाकडे बघा. या नावाचाही अर्थ जगणारी, जिवंत असाच आहे. अथेन्समधली झोई आणि औरंगाबादेतली आयेशा अर्थाने सख्ख्या बहिणी आहेत.

इरीनी म्हणजे शांती. आपल्या सलमा, सलीमा ज्या धातूतून आल्या, त्यातूनच सलाम आला आणि इस्लाम हा शब्दही. फोतिनी म्हणजे प्रकाशमय, आपली मुनीरा. एल्पिदा म्हणजे आशा, आणि आशा तर आपल्या मराठीत घरोघरी आहे. एलेफ्थेरिया म्हणजे स्वातंत्र्य. ग्रीसचं राष्ट्रगीत या स्वातंत्र्यालाच उद्देशून आहे, म्हणजे शाळेतली एखादी एलेफ्थेरिया राष्ट्रगीतात स्वतःचंच नाव ऐकते.

पारास्केवी हे नाव मला सगळ्यांत गमतीचं वाटतं. त्याचा अर्थ चक्क शुक्रवार! मूळ शब्दाचा अर्थ तयारी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिनाची आदल्या दिवशीची तयारी. या नावाची संत आहे, 26 जुलैला तिचा सण असतो, आणि त्या दिवशी गावोगावच्या पारास्केवींना, लाडाने ज्यांना वोउला किंवा व्हीव्ही म्हणतात त्यांना, लोक शुभेच्छा देतात. तिथे वाढदिवसापेक्षा या नामदिनाचं कौतुक जुनं आणि मोठं. आपल्याकडे जुम्मा, जुम्मन हे पुरुष झाले. शुक्रवारचं नाव मुलीला द्यायचं आपल्याला मात्र कधी सुचलं नाही.

स्मारागदा म्हणजे पाचू. हाच ग्रीक शब्द अरबी-फारसीत जमर्रुद झाला आणि संस्कृतातला मरकतही याच कुळातला. आपल्याकडे मुलीचं नाव अल्मास ठेवतात. अल्मास म्हणजे हिरा, आणि हा शब्द अरबीत आला तो ग्रीक 'आदामास'वरून. तेव्हा "ग्रीक नाव आपल्यात चालत नाही" असं सांगणाऱ्यांच्या स्वतःच्याच घरात एखादी अल्मास असू शकते.

आता इस्लामी काय आणि काय नाही, या प्रश्नाकडे येऊ. हजरत मुहम्मद (स.) यांनी काही लोकांची नावं बदलली, हे खरं आहे. पण कोणती? ज्यांचा अर्थ वाईट होता ती. एका मुलीच्या नावाचा अर्थ 'अवज्ञा करणारी' असा होता, तिचं नाव त्यांनी जमीला ठेवलं. गंमत म्हणजे ते बदललेलं नाव अस्सल अरबी होतं. याउलट इजिप्तहून आलेल्या हजरत मारिया (रजि.) यांचं नाव मारियाच राहिलं. त्या किब्ती होत्या, ख्रिस्ती परंपरेतून आलेल्या, आणि त्यांच्या देशावर तेव्हा ग्रीक भाषेचा मोठा पगडा होता. म्हणजे कसोटी अर्थाची होती, भाषेची नव्हती.

दुसरं उदाहरण तर दगडाचुन्यात उभं आहे. इस्तंबूलची आयासोफिया. ग्रीकमध्ये हागिया सोफिया, म्हणजे पवित्र प्रज्ञा. 1453 मध्ये तिची मशीद झाली, पुढे संग्रहालय झालं, 2020 मध्ये पुन्हा मशीद झाली. ते योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण एवढ्या उलथापालथीत नाव तेच राहिलं. शतकानुशतकं मुसलमानांनी जिथे नमाज पढली, त्या मशिदीला ग्रीक नाव चाललं. मग सातव्या दिवशी अकीका होणाऱ्या मुलीला का चालू नये?

पण ग्रीक लोकांकडून घ्यायची खरी गोष्ट नाव नाही, नाव ठेवण्याची रीत आहे. तिथे नातीला आजीचं नाव देण्याची परंपरा आहे. त्यामुळे एकाच घराण्यात कातेरिना आणि एलेनी पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. कार्पाथोस बेटावर तर जुनी रीत अशी, की थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव मिळायचं आणि आईकडची मालमत्ताही तिलाच. धाकट्या बहिणी कोरड्या राहायच्या, तेव्हा ती रीत न्यायाची होती असं मी म्हणणार नाही. पण नावासोबत काहीतरी हातात पडायचं, एवढं खरं.

आपल्याकडे काय पडतं? कुरआनने मुलीचा वारसाहक्क चौदाशे वर्षांपूर्वी ठरवून दिला. नाव इस्लामी आहे का, यावर आपण चार दिवस वाद घालतो, आणि तीच मुलगी मोठी झाली की भावांसाठी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. त्या कागदावर फातिमा लिहिलं काय आणि सोफिया लिहिलं काय, हिस्सा गेला तो गेलाच. नावातला इस्लाम जपायचा आणि वाटणीतला सोडून द्यायचा, हा कुठला दीन?

आणि आपल्या आज्यांची नावं? मराठवाड्यातल्या गावांत आजही चांदबी, गुलाबबी भेटतात. अहमदनगरच्या किल्ल्यावर मोगलांशी लढलेली चांदबीबी याच नावाची. ही नावं आता कुणी ठेवत नाही. एकाला ती पुरेशी अरबी वाटत नाहीत, दुसऱ्याला ती पुरेशी मुसलमान वाटतात, म्हणून भीती वाटते. दोन उलट्या कारणांनी एकच नाव मरतंय.

ज्यांना घर नाकारलं गेलंय, त्यांच्या भीतीला मी हसणार नाही. ती भीती हवेतून आलेली नाही. पण पहिलं नाव बदलून ती टळत नाही, कारण त्यामागे बापाचं नाव आणि आडनाव येतंच. शिवाय ज्या मुलीचं नाव लपण्यासाठी ठेवलंय, तिला मोठी झाल्यावर आपण काय सांगणार? तुझ्या नावाचा अर्थ 'कुणाला कळू नये' असा आहे?

तेव्हा सोफिया ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. त्याचा अर्थ प्रज्ञा आहे, हे तिला सांगा, आणि आयासोफियाची गोष्टही सांगा. झोया ठेवलंत तर ती जीवन आहे, आयेशाची बहीण आहे, हे सांगा. आणि घरात चांदबी नावाची आजी असेल, तर आधी तिच्याकडे बघा. ग्रीक माणसाने त्या घरात दुसरं नाव शोधलंच नसतं.